पायलट झाल्यावर पुन्हा मास्तरकी कशाला?

वाचकाचे पत्र : मी औसा तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. थोरल्या मुलीच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी अडीच एकर जमीन विकली आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले. तिला व्यावसायिक वैमानिक परवाना मिळून नऊ महिने झाले. तिचे २०६ तासांचे उड्डाण झाले आहे, मल्टी-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांचे विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण) रेटिंगही झाले आहे. पण नोकरी नाही. जेथे ती शिकली त्याच संस्थेने सहायक उड्डाण-प्रशिक्षक म्हणून येतेस का, असे तिला विचारले आहे. पगार माझ्या पगाराच्या निम्माही नाही. माझे मेहुणे म्हणतात, पायलट होऊन पुन्हा मास्तरकीच करायची होती तर जमीन कशाला विकली? आणखी कर्ज काढा आणि एअरबसचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचे विमान चालवण्याची पात्रता, करून घ्या. मुलगी काही बोलत नाही. दोन वर्षे छोट्या विमानात गेली तर ती मागे पडेल का?
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर :

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर. मुलीला प्रशिक्षकाचे काम घेऊ द्या. टाइप रेटिंगसाठी नवे कर्ज काढू नका. एखाद्या विमान कंपनीने तिची निवड करून तसे लेखी दिले आणि त्या निवडीतच टाइप रेटिंगची अट असली, तरच त्या खर्चाचा विचार करा. अशी निवड उद्या झाली, तर रीतसर सूचना देऊन तिने प्रशिक्षकाचे काम सोडावे आणि निःशंक मनाने जावे. राहिला मागे पडण्याचा प्रश्न. गेले नऊ महिने ती घरी बसून आहे, याची मला छोट्या विमानातील दोन वर्षांपेक्षा कितीतरी अधिक काळजी वाटते.

मेहुण्यांचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही. आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण झालेला वैमानिक टाइप रेटिंगनंतर थेट प्रवासी जेट विमानाच्या उजव्या आसनावर, म्हणजे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून बसू शकतो. नियम त्याला आडवा येत नाही आणि दरवर्षी असे तरुण बसतातही. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा गावोगावी पालकांना वाटले की आता वैमानिकांना मरण नाही. पण मागणी नोंदवलेली विमाने एका हंगामात येत नाहीत, ती अनेक वर्षांत थोडी थोडी येतात. आणि मधल्या काळात एखादी कंपनी बसली की तिचे अनुभवी वैमानिक तुमच्या मुलीच्या पुढे रांगेत उभे राहतात. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज आणि २०२३ साली गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली, तेव्हा प्रत्येक वेळी हेच झाले. या रांगेत केवळ टाइप रेटिंगचा कागद घेऊन उभे राहण्यात आणि तो कागद घेतल्यावर एकही प्रवासी उड्डाण न करता वर्ष काढण्यात किती मनस्ताप आहे, हे मी माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या मुलांमध्ये पाहिले आहे. एअरबस ए३२०चे टाइप रेटिंग साधारण १५ ते २५ लाखांच्या घरात जाते. ते शिक्षण जवळजवळ सगळे सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, होते, आणि सिम्युलेटरवर आलेला हात वापरात राहिला नाही तर काही महिन्यांत सुटतो. मग निवडीच्या वेळी पुन्हा सरावासाठी पैसे भरा, असे चक्र सुरू होते. विकायला आता तुमच्याकडे किती एकर राहिले आहेत, हे मला माहीत नाही. पण उरलेली जमीन या चक्रात घालू नये, असे मी हात जोडून सांगतो.

पैशाचा भाग येथे संपवतो, कारण तुमचा खरा प्रश्न त्याहून मोठा आहे. छोट्या विमानातील सुरुवातीच्या वर्षांना काही मोल आहे का, की ती केवळ नोकरी मिळेपर्यंतची भरपाई आहे?

आधी तिच्या २०६ तासांत काय आहे ते पाहू. परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय किमान २०० तास मागते आणि त्यांपैकी किमान १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, म्हणून केलेले असावे लागतात. आकडा मोठा वाटतो. पण त्या १०० तासांतील बहुतेक उड्डाणांच्या आधी कोणा प्रशिक्षकाने आकाश पाहिलेले असते, मार्ग तपासलेला असतो, इंधन किती घ्यायचे ते ठरवून दिलेले असते आणि 'आज जा' किंवा 'आज नको' असे सांगितलेले असते. विद्यार्थी विमानात एकटा असला तरी निर्णय एकट्याचा नसतो. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला तिफण धरता येते, ओळ सरळ ठेवता येते. पण जमिनीला वाफसा आला आहे की नाही, हे सांगायला ढेकूळ हातात घेऊन चुरडून पाहणारा बाप किंवा आजोबाच लागतो, आणि ती जाण काही पावसाळे बांधावर काढल्याशिवाय येत नाही. तुमच्या मुलीला तिफण धरता येते. वाफसा ओळखायला तिने अजून शिकायचे आहे.

आता मास्तरकीविषयी. तुम्ही स्वतः शिक्षक आहात, म्हणून हे तुम्हाला इतर कोणाहीपेक्षा लवकर पटेल. भागाकार तुम्हाला डी.एड. होण्यापूर्वीही येत होता. पण चाळीस मुलांनी तो चाळीस प्रकारे चुकवलेला पाहिल्यावर तो तुम्हाला जसा कळला, तसा आधी कळला होता का? उड्डाण-प्रशिक्षकाचेही तसेच होते. विद्यार्थी विमान उतरवताना जमिनीजवळ नाक उचलायला उशीर करतो, दुसरा घाईने उचलतो आणि विमान पुन्हा हवेत उसळते, तिसरा आडव्या वाऱ्यात धावपट्टीची मधली रेघ सोडून भलतीकडेच पाहत राहतो, चौथ्याचे हात भीतीने स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले असतात आणि तो काहीच करत नाही. या सगळ्यांच्या शेजारी बसून, हात नियंत्रणांच्या अगदी जवळ पण त्यांना न लावता, प्रशिक्षकाने ठरवायचे असते की विमान आता आपल्या हाती घ्यायचे की अजून एक क्षण थांबायचे. लवकर घेतले तर विद्यार्थी शिकत नाही. उशिरा घेतले तर चाक मोडते किंवा त्याहून वाईट होते. हा निर्णय ती सर्किटच्या, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फिरून पुन्हा उतरण्याच्या, प्रत्येक फेरीत घेईल, आणि तासाभराच्या सर्किट सरावात सात-आठ वेळा विमान उतरते. मोठ्या विमानातील फर्स्ट ऑफिसरला दोन-अडीच तासांच्या उड्डाणात एकच उतरणे मिळते, आणि ते पुष्कळदा कॅप्टनच्या वाट्याचे असते. दोघांच्या लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तास सारखे दिसतील. पण त्या तासांत हाताला आणि डोक्याला किती वेळा कसोटी लागली, हे लॉगबुकच्या रकान्यात लिहिले जात नाही.

आपल्याकडचा उन्हाळाही तिला शिकवील. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. तेथे दुपारी ४२ अंश तापमान असते तेव्हा हवा इतकी विरळ होते की विमान आपण साडेपाच हजार फुटांहून उंच ठिकाणी आहोत असे समजून वागते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद कमी होते, धावपट्टी भराभर संपत जाते. मोठ्या विमानात हे गणित संगणक मांडतो आणि ते बरोबरही असते. पण दोन माणसे आणि इंधन घेतलेले छोटे विमान मे महिन्यात धावपट्टीच्या मध्यापर्यंत येऊनही जमीन सोडायला तयार नाही, हे ज्याने पायाखाली अनुभवले आहे, त्याला पुढे संगणकावरचा एखादा आकडा चुकीचा टंकला गेला तर पोटात जाणवते.

आपल्या भागातील माणसांना २६ एप्रिल १९९३ हा दिवस आठवत असेल. तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उड्डाण घेताच बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकले आणि ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत विमानाचे नाक उचलायला झालेला उशीर आणि उचलण्याची चुकीची पद्धत, तसेच उड्डाणांच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश, ही कारणे पुढे आली. त्या वैमानिकांना अनुभव नव्हता, असे मी मुळीच म्हणत नाही. नाक केव्हा आणि कसे उचलायचे, हा पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा धडा किती जपून पक्का करावा लागतो, एवढ्यासाठीच ही आठवण काढली; आणि तुमची मुलगी हाच धडा रोज शिकवणार आहे.

सुरुवातीच्या अनुभवाचे मोल सांगताना मला नेहमी एक घटना आठवते, ती थोडी सविस्तर सांगतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान ४१,००० फुटांवरून जात असताना त्याचे इंधन संपले. पौंड आणि किलोग्रॅम यांच्या हिशेबात घोटाळा होऊन लागत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले होते. दोन्ही इंजिने बंद पडली, कॉकपिटमधील बहुतेक पडदे काळे झाले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना इंजिन नसलेली ग्लायडर विमाने उडवण्याचा चांगला सराव होता. फर्स्ट ऑफिसर मॉरिस क्विंटल हे पूर्वी हवाई दलात असताना गिमली नावाच्या तळावर होते. वळवून न्यायचे ठरवलेल्या विनिपेगपर्यंत विमान पोहोचणार नाही हे हिशेबाने लक्षात येताच त्यांनी त्या जुन्या तळाची आठवण दिली. तळ बंद झालेला होता आणि त्या दिवशी तेथे मोटारींच्या शर्यती चालू होत्या, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. विमान धावपट्टीजवळ आले तेव्हा फार उंच होते, आणि इंजिन नसल्यामुळे पुन्हा एक फेरी मारून येण्याची सोय नव्हती. पिअर्सन यांनी तेव्हा साइडस्लिप केली: एक पंख खाली झुकवून आणि रडर (शेपटीवरचे सुकाणू) उलट दिशेला दाबून विमान वाऱ्यात तिरके धरले, म्हणजे वेग न वाढता उंची कमी होते. ही युक्ती ग्लायडरमध्ये आणि छोट्या विमानात शिकवतात. एवढ्या मोठ्या जेट विमानात ती करावी लागेल असे कोणी कल्पिलेले नव्हते. विमानातील ६९ माणसांपैकी एकही दगावला नाही.

गुरुजी, त्या सतरा मिनिटांत ज्या दोन गोष्टींनी माणसे वाचवली, त्या दोन्ही बोइंगच्या प्रशिक्षणातून आल्या नव्हत्या. एक छोट्या, बिनइंजिनाच्या विमानातून आली होती आणि दुसरी तरुणपणीच्या नोकरीतून. साइडस्लिप तुमची मुलगी सेस्नामध्ये शिकली असेल. शिकवायला लागली की ती हातात मुरेल.

आता एका गोष्टीकडे वळतो, जी मी माझ्या आयुष्यातून सांगू शकतो. मी परभणीचा. १९८३ साली परवाना मिळाला तेव्हा प्रवासी विमाने चालवणाऱ्या मोजक्या सरकारी कंपन्या होत्या आणि भरती वर्षानुवर्षे निघत नसे. खाजगी कंपन्यांना नियमित सेवेची वाट कायद्याने १९९४ साली मोकळी झाली. तोवर मी प्रशिक्षकच होतो, कारण दुसरे काही मिळत नव्हते, आणि तेव्हा तुमच्या मेहुण्यांसारखेच बोलणारे माझे काका होते. एका मे महिन्यात मी विद्यार्थ्याला घेऊन दूरच्या उड्डाणावर निघालो होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर दुपारी वळवाचे ढग उभे राहू लागले. विद्यार्थी म्हणाला, सर, बाजूने जाऊ. वाट अजून मोकळी दिसत होती, परीक्षा जवळ होती, आणि ते तास त्याला हवे होते. मी विमान वळवून परत आणले. अर्ध्या तासाने तेथे गारपीट झाल्याचे कळले. पण ते कळण्यापूर्वीच संस्थाचालकांनी मला बोलावून वाया गेलेल्या इंधनाचा हिशेब विचारला होता. मी तरुण होतो, पगार आधीच तीन महिने थकला होता, आणि तरीही 'पुन्हा असे ढग दिसले तर पुन्हा परत येईन' एवढे बोलून मी बाहेर पडलो. ते वाक्य बोलायला मला किती जड गेले, हे आजही आठवते.

पुढे कितीतरी वर्षांनी मी फर्स्ट ऑफिसर असताना माझ्याहून फार ज्येष्ठ कॅप्टन विमान फार वेगात आणि फार उंचावरून धावपट्टीकडे आणत होते. मी 'गो अराउंड' म्हणालो, म्हणजे उतरणे सोडून द्या आणि पुन्हा वर चला. पहिल्यांदा त्यांनी ऐकले नाही, दुसऱ्यांदा मी तेच अधिक मोठ्याने म्हणालो, आणि त्यांनी ऐकले. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात फर्स्ट ऑफिसरनेही गो अराउंड सुचवले होते. तेथे उतरणे सोडले गेले नाही आणि १६६ पैकी १५८ जणांचा जीव गेला. ज्येष्ठाला ठामपणे अडवण्याचे धैर्य आसनावर बसताच येत नाही. ज्याने आधी स्वतः कमांडर म्हणून 'नाही' म्हटले आहे आणि त्याचा राग सोसला आहे, त्याच्या तोंडून तो शब्द वेळेवर निघण्याची शक्यता अधिक असते. प्रशिक्षकाला हा शब्द आठवड्यातून चार वेळा उच्चारावा लागतो: विद्यार्थ्याला, त्याच्या पालकांना, कधी व्यवस्थापनालाही. तुमची मुलगी कमी बोलणारी आहे, असे पत्रावरून वाटते. तिच्यासाठी तर हे शिक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते.

एवढे सांगून मी तुम्हाला एका भ्रमापासूनही सावध करतो. तास वाढले म्हणजे अनुभव वाढला, असे नव्हे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचे विमान पडले आणि ५० जण मृत्युमुखी पडले. वेग घटून विमान स्टॉल होण्याच्या, म्हणजे पंखांची उचल संपून कोसळण्याच्या, बेताला आल्याचा इशारा मिळाला तेव्हा नाक खाली करायला हवे होते. कॅप्टनने ते वर ओढले. त्यानंतर अमेरिकेने कायदा बदलला आणि २०१३पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १,५०० तासांची अट आली. पण त्या विमानाच्या कॅप्टनच्या नावावर ३,००० हून अधिक आणि फर्स्ट ऑफिसरच्या नावावर २,००० हून अधिक तास होते, म्हणजे नवी अट त्या दोघांनीही आधीच पूर्ण केलेली होती. म्हणून अट निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. तास कसे गेले, हे पाहणारी यंत्रणा प्रत्येक वैमानिकाने स्वतःजवळ ठेवावी लागते. मुलीला सांगा, लॉगबुकाशिवाय एक साधी वही ठेवायची. प्रत्येक उड्डाणानंतर तीन-चार ओळी: आज विद्यार्थी कोठे चुकला, मी विमान केव्हा हाती घेतले, लवकर की उशिरा, आणि आज मला स्वतःला काय नीट समजले नव्हते. माझ्या अशा नऊ वह्या आहेत. कॅप्टनपदाच्या तोंडी परीक्षेआधी मी पुस्तकांपेक्षा त्याच अधिक वाचल्या.

पुढे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठी आपल्याकडेही १,५०० तास लागतात, आणि त्यांत पायलट-इन-कमांड म्हणून केलेल्या तासांचा ठरावीक वाटा असावा लागतो. त्या परवान्याशिवाय विमान कंपनीत कॅप्टन होता येत नाही. प्रशिक्षक म्हणून केलेले तास येथे उपयोगी पडतात. अर्थात एखादी कंपनी भरती करताना एक इंजिनाच्या विमानावरील या तासांना फारशी किंमत देणार नाही, हेही खरे आहे. मी ते लपवणार नाही. प्रशिक्षक झाली म्हणून कंपनीचे दार आपोआप उघडेल, असे तिला किंवा स्वतःला सांगू नका. कंपन्यांच्या लेखी परीक्षांची आणि मुलाखतींची तयारी तिने रोज संध्याकाळी दोन तास चालू ठेवलीच पाहिजे.

काम स्वीकारण्यापूर्वी तुम्ही तिच्याबरोबर त्या संस्थेत जा. कार्यालयात बसू नका, हँगरकडे जा. कागदावर किती विमाने आहेत ते विचारू नका; आज सकाळी किती विमाने प्रत्यक्ष उडाली ते विचारा. प्रशिक्षकाला महिन्याला साधारण किती तास मिळतात आणि पगार कोणत्या तारखेला होतो, हे सध्याच्या प्रशिक्षकांना एकट्याने गाठून विचारा. मुख्य प्रशिक्षक अजून स्वतः उडतात का, ते पाहा; नव्या प्रशिक्षकाला सुरुवातीला ज्येष्ठाच्या देखरेखीखालीच शिकवायचे असते, आणि तो ज्येष्ठ कसा आहे यावर तिची पहिली दोन वर्षे कशी जातील हे ठरेल. सेवेचा करार किती काळाचा आहे आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे वाचल्याशिवाय सही करू देऊ नका.

आणि एक गोष्ट तिला तुम्ही, बाप म्हणून, स्वतः सांगा: न उडलेला एक तासही कोणाच्या लॉगबुकमध्ये मांडायचा नाही, स्वतःच्या नाही आणि विद्यार्थ्याच्याही नाही. २०११ साली आपल्या देशात बनावट गुणपत्रिकांची आणि खोट्या उड्डाण-तासांची प्रकरणे उघडकीस आली, परवाने रद्द झाले, अटका झाल्या. संस्थेत असा दबाव आला तर त्याच दिवशी बॅग भरून घरी ये, अडीच एकर गेले तरी घराचे दार उघडे आहे, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. ते ऐकलेले असेल तर 'नाही' म्हणणे तिला सोपे जाईल.

संस्था योग्य न वाटल्यास दुसऱ्याही वाटा आहेत. भाड्याने विमाने देणाऱ्या छोट्या कंपन्या असतात. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील पहिल्या उड्डाणांत आपले नांदेड–हैदराबाद होते, आणि अशा मार्गांवर लहान, पंख्यांची टर्बोप्रॉप विमाने चालतात. २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसासाठी आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून विमाने ढगांत गेली होती. ही कामे कमी आहेत आणि त्यांना पुष्कळदा २०६ पेक्षा अधिक तास लागतात. ते तास कोठून यायचे, याचे उत्तर पुन्हा प्रशिक्षकाच्या कामाकडेच येते.

तातडीचे असे एकच. तिच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत पाहा. प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र तिच्या वयात १२ महिन्यांचे असते, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचेही वर्षाचेच गणित असते, आणि परवाना मिळून नऊ महिने झाले आहेत. तपासणीची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या.

ती काही बोलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. जमीन विकलेल्या घरात मुलीला 'मला काय हवे' हे बोलणे सोपे नसते. तिला थेट विचारू नका. येत्या रविवारी तुमच्या शाळेचा फळा आणि खडू द्या, तिच्या आईला पहिल्या बाकावर बसवा, आणि विमान स्टॉल का होते व त्यातून कसे सोडवायचे, हा वीस मिनिटांचा पाठ तिला घ्यायला सांगा. प्रशिक्षकाच्या रेटिंगसाठी असे पाठ परीक्षकासमोर घ्यावेच लागतात. ती फळ्याकडे तोंड करून बोलते का, आईला न कळलेला शब्द पाहून थांबते का, दुसरे उदाहरण देते का, हे तुम्ही शिक्षकाच्या नजरेने पाहा आणि नंतर तिला सांगा. आईला कळले का, हे मला जरूर कळवा.

आपला,
सदरलेखक